पितृपक्षात ये

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. गणपतीच्या आधी फुलांचं दुकान टाकायचं, म्हणजे सीझनमध्येच अर्धं भांडवल सुटेल, असं तू म्हणतेस. घाई करू नकोस. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय.

डोंबिवलीतलं माझं दुकान जेमतेम आठ फुटी. सव्वीस वर्षं पहाटेची लोकल धरून दादरच्या फूलबाजारात जातेय. वसई-विरारची माणसं सोनचाफा आणि जास्वंदीच्या कळ्या घेऊन येतात, जुन्नर-साताऱ्याकडचा झेंडू-शेवंती गोणींतून उतरतो, मावळातले पॉलीहाउसचे गुलाब वीस-वीसच्या गड्ड्यांत. तो रंगांचा बाजार बघून तू भुललीस. मीही भुलले होते. पण तिथं शिकायची गोष्ट एकच आहे: किती घ्यायचं नाही.

एका दसऱ्याला मी साठ किलो झेंडू उचलला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. गोणीचं तोंड उघडलं, वरची फुलं टपोरी दिसली, पैसे दिले. दुकानात गोणी ओतली तर खालचा माल गरम लागला, पाकळ्या बोटांना चिकटत होत्या. भिजलेला झेंडू वजनाला भरतो आणि गोणीत वाफ धरून काही तासांत कुजतो. निम्मा टाकला. दोन महिन्यांची शिल्लक गेली आणि दसऱ्याच्या दिवशी मी दुकानामागे बसून रडले. तेव्हापासून भाव विचारायच्या आधी हात गोणीच्या तळापर्यंत घालते. तूही घाल. विकणारा रागावला तर रागावू दे.

मोगऱ्याचं आणखी कठीण. अंधारात खुडलेली कळी संध्याकाळी उमलते, म्हणून गजरा त्याच संध्याकाळी गेला पाहिजे. उरलेले गजरे रात्री पाटीत बघताना जीव तुटतो, पण दुसऱ्या दिवशी पिवळे पडलेले गजरे विकू नकोस. त्यापेक्षा रोज रात्री एका वहीत लिही: काय टाकलं, किती टाकलं. विक्रीच्या वहीपेक्षा ही वही तुला जास्त शिकवेल.

बाकीचं काम म्हणजे पाणी. बादल्या घासणं, देठ तिरके कापणं, पाण्यात बुडणारी पानं काढणं, काटे सोलणं. फुलांच्या फ्रीजमध्ये स्वतःच्या डब्यातलं केळंसुद्धा ठेवायचं नाही, पिकत्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि फुलं लवकर माना टाकतात. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात. शेवंतीने काहींच्या हातांना खाज सुटून चट्टे उठतात. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मांडववाल्यांना उधारी द्यायची नाही. तुझ्या घरी गणपतीची आरती चालू असेल तेव्हा तू दुसऱ्यांसाठी दूर्वांच्या जुड्या बांधत असशील, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेव.

एक गोष्ट मात्र तुला कुठल्या क्लासमध्ये शिकवणार नाहीत. रात्री अकराला शटर ओढताना कुणीतरी येतं, 'मोठा हार द्या' एवढंच म्हणतं. चेहऱ्यावरून कळतं. तेव्हा चौकशी करू नकोस. रोजचाच भाव लाव, एक रुपया जास्त नाही. पांढरी शेवंती, निशिगंध, मध्ये थोडे गुलाब, कलाबूत नको. सवाष्ण गेली असेल तर घाईत गजरा मागायचं राहतं, तो तू हळूच पुडीत ठेव. आणि ते निघाले की सवयीने 'या' म्हणू नकोस. मी एकदा म्हणाले होते, एका तरुण मुलाला. त्याने वळून पाहिलं, तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

सध्या श्रावण आहे, पाठोपाठ गणपती. या गर्दीत तुला कुणी काही शिकवू शकणार नाही, मीसुद्धा नाही. पितृपक्षात बाजार थंडावतो, फुलं स्वस्त मिळतात. तेव्हा चार हार बिघडले तरी मला चालतील. त्या पंधरा दिवसांत रोज माझ्याबरोबर दादरला चल, मग नवरात्रात बघू. नखं कापून ये, सुई-दोरा मी देईन.

तुझी,
काकू