फ्रेंचमध्ये 'जेवणार आहे' कसं म्हणायचं?

प्रश्न : बारावीला फ्रेंच घेतलंय. नजीकचा भविष्यकाळ लिहिताना दोन्ही क्रियापदं चालवते आणि गुण जातात. नेमका नियम काय? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : चालवायचं फक्त पहिलं, म्हणजे 'आले' (जाणे). दुसरं मूळ रूपातच ठेवायचं. आपल्या मराठीतही हेच आहे : मी जेवणार आहे, तू जेवणार आहेस, ते जेवणार आहेत. 'जेवणार' हलत नाही, बदलतो तो 'आहे'. फ्रेंचमध्ये क्रम तेवढा उलटा, बदलणारा शब्द आधी.

'आले'ची रूपं पाठच करा, ती नियमात बसत नाहीत : ज व्हे, त्यू व्हा, इल व्हा, नूझालों, व्हूझाले, इल व्हों. 'त्यू' आणि 'इल'चं रूप ऐकायला सारखं. पण 'त्यू'च्या रूपाला शेवटी न उच्चारायचा 'एस' लिहावा लागतो. गुण बहुधा इथेही जात असतील.

'ज व्हे मांजे' म्हणजे मी जेवणार आहे. मध्ये 'आ' घालू नका. तो गावाच्या नावाआधी येतो : 'ज व्हे आ नांदेड', मी नांदेडला जातेय. 'जाणार आहे' म्हणायचं तर 'ज व्हे आले आ नांदेड'. 'आले' दोनदा आलं तरी ते बरोबरच आहे.

नकारात 'न' आणि 'पा' चालवलेल्या रूपाभोवतीच : 'ज न व्हे पा मांजे'. 'पा' शेवटी टाकू नका. 'उठणे'सारख्या क्रियापदातलं सर्वनाम मात्र मूळ रूपाला चिकटतं आणि कर्त्याप्रमाणे बदलतं : ज व्हे म लव्हे, त्यू व्हा त लव्हे.