घरच्या घरी स्वतःचा व्हिडिओ चांगल्या दर्जाचा कसा रेकॉर्ड करावा? नवा कॅमेरा घ्यावा लागेल का?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की घरी एकट्याने बसून शिकवण्याचे व्हिडिओ करायचे आहेत, हाताशी बऱ्यापैकी फोन आहे, पण चेहरा काळपट दिसतो आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. कॅमेऱ्यापुरते उत्तर आधीच देऊन टाकते: इतक्यात घेऊ नका. मी गेली काही वर्षे घरातल्या एका खोलीत गणिताचे पाठ रेकॉर्ड करते आहे आणि सुरुवातीला हीच तक्रार दूर करण्यासाठी कॅमेरा बदलून बसले होते. चित्र किंचित स्वच्छ झाले, आवाज मात्र विहिरीतच राहिला. दोष उपकरणात नसून अंतरांत आहे, हे त्यानंतर कळले. तोंड आणि माइक, चेहरा आणि उजेड, चेहरा आणि लेन्स, पाठ आणि मागची भिंत, ही चार अंतरे नीट ठरवली तर जुना फोनही पुरतो.

सर्वांत आधी आवाज, कारण शिकवण्याच्या व्हिडिओत चित्र थोडे मऊ असले तरी विद्यार्थी बघतो, पण शब्द ऐकण्यासाठी कान ताणावे लागले की तो उठून जातो. खोलीत बोलताना माइकपर्यंत दोन प्रकारचा आवाज पोहोचतो: तोंडातून थेट येणारा, आणि भिंती, छत, फरशी यांवर आपटून परत येणारा. परतलेला आवाज खोलीभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. थेट आवाज मात्र अंतर दुप्पट झाले की सुमारे 6 डेसिबलने कमी होतो. म्हणजे दोन मीटरवर ठेवलेल्या फोनऐवजी तोच आवाज 20 सेंटिमीटरवरच्या माइकने टिपला, तर थेट आवाज सुमारे 20 डेसिबलने वर येतो आणि खोलीचा घुमारा आहे तिथेच मागे राहतो. विहिरीचा परिणाम जातो तो यामुळे, आणि महागडा माइक दूर ठेवला तर तो जात नाही. साधा कॉलर माइक हनुवटीच्या एक वीतभर खाली लावावा. तो नसेल तर दुसरा एखादा फोन रेकॉर्डर म्हणून सुरू करून टेबलावर, चौकटीत येणार नाही इतका खाली पण तोंडाच्या शक्य तितका जवळ ठेवावा. दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाली की एकदा टाळी वाजवावी. संपादन करताना टाळीचा आवाज आणि हात एकमेकांवर आदळल्याचे दृश्य जुळवले की ओठ आणि शब्द जुळतात. मोठ्या पाठात शेवटीही एक टाळी वाजवावी, कारण दोन उपकरणांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत आणि अर्ध्या तासात ओठ-शब्दांमध्ये फट पडू शकते.

माइक थेट तोंडासमोर धरू नये. प, फ, भ उच्चारताना सुटणारा हवेचा झोत त्यावर आदळतो आणि प्रत्येक वेळी धप्प असा आवाज उमटतो. कॉलर माइकची दुसरी खोड म्हणजे कपड्यांची घसट. एकदा चाळीस मिनिटांचा पाठ संपवून मी समाधानाने ऐकायला बसले, तर गळ्यातल्या माळेचे मणी माइकवर घासल्याची खरखर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत होती. तो पाठ संपूर्ण पुन्हा घ्यावा लागला. आवाजाची पातळी दिसत असेल तर मोठ्याने बोलतानाची सर्वोच्च पातळी उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान (इथे शून्य ही वरची मर्यादा) ठेवावी. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, पण वरच्या मर्यादेवर आपटून फाटलेला आवाज सहसा पूर्ववत होत नाही.

खोली निवडताना दिसण्यापेक्षा ऐकण्याचा विचार करावा. मोकळ्या भिंतींची, गुळगुळीत फरशीची, रिकामी खोली व्हिडिओत फार सुरेख दिसते आणि फार वाईट ऐकू येते. गादी, जाड पडदे, सतरंजी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट हे सर्व घुमारा शोषणारे साहित्य घरात असतेच. आपला आवाज समोरच्या दिशेने जातो, म्हणून फोनच्या मागे, चौकटीबाहेर, दोन खुर्च्यांच्या पाठींवर एक जाड रजई टाकली तरी फरक स्पष्ट जाणवतो. भिंतीवर चिकटवायच्या पातळ फोमच्या चौकोनांवर माझा फारसा विश्वास नाही. ते चरचरीत आवाज शोषतात, पण खालच्या पट्टीतली गुणगुण तशीच राहते. पंखा बंद करावा. शेजारच्या खोलीतला फ्रिजही बंद करावा, मात्र तो पुन्हा सुरू करायचे हमखास विसरते, म्हणून मी घराच्या किल्ल्याच फ्रिजमध्ये ठेवते.

आता उजेड. घरातला सर्वांत चांगला दिवा म्हणजे खिडकी, आणि सर्वांत सामान्य चूक म्हणजे खिडकीकडे पाठ करून बसणे. पाठीमागून उजेड आला की कॅमेरा त्या झगझगीत चौकोनाप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो. आपल्या तक्रारीचे कारण बहुधा हेच असावे. खिडकी समोर, किंवा त्याहून बरे म्हणजे समोरून थोडी एका बाजूला असावी, म्हणजे नाक आणि गाल यांना हलकी सावली मिळून चेहरा सपाट दिसत नाही. उन्हाचा कवडसा थेट अंगावर येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढावा. सावल्या मऊ व्हायच्या तर प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या तुलनेत मोठा असावा लागतो, आणि तो मोठा करण्याचा सोपा उपाय म्हणजे त्याच्या जवळ बसणे. छोटा रिंग लाइट दोन मीटरवर ठेवला तर तो साध्या बल्बसारख्याच कडक सावल्या पाडतो. तोच हातभर अंतरावर आणला की सावल्या विरघळतात. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केले की उजेड सुमारे चौपट होतो, त्यामुळे चेहरा उजळतो आणि मागची भिंत तुलनेने आपोआप मंद होते.

खिडकीचा उजेड वापरताना घरातले पिवळे दिवे मालवावेत. दिवसाच्या उजेडाचे रंगतापमान (उजेड निळसर की पिवळसर हे सांगणारे माप) साधारण 5500 ते 6500 केल्विन असते आणि पिवळ्या बल्बचे 2700 ते 3000. दोन्ही एकदम चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर आणि दुसरा नारिंगी दिसतो, आणि ते नंतर नीट दुरुस्त होत नाही. केवळ दिव्यांच्या उजेडात रेकॉर्ड करताना चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले, तर कारण विजेच्या वारंवारतेत असते. 50 हर्ट्झचा पुरवठा असलेल्या ठिकाणी अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, 60 हर्ट्झच्या ठिकाणी 120 वेळा. शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, हाताने ठरवता येत असेल तर पहिल्या ठिकाणी एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद, दुसऱ्या ठिकाणी एक साठांश सेकंद ठेवल्यास पट्टे बहुधा जातात. चष्मा असेल तर काचांवर चमक येऊ नये म्हणून दिवा थोडा वर चढवावा किंवा बाजूला सरकवावा, इतकेच.

कॅमेऱ्याबद्दल. फोनचा मागचा कॅमेरा पुढच्यापेक्षा बहुतेक वेळा सरस असतो, कारण त्याचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) मोठा असतो. म्हणून तो वापरावा, आणि तो हातभर अंतरावर नव्हे, तर दीड-दोन मीटरवर ट्रायपॉडवर असावा. नाकाचे टोक कानांपेक्षा लेन्सच्या सुमारे 10 सेंटिमीटर जवळ असते असे धरू. लेन्स 40 सेंटिमीटरवर असेल तर हा फरक एकूण अंतराच्या चौथ्या हिश्शाएवढा होतो आणि नाक फुगलेले, कान मागे गेलेले दिसतात. दोन मीटरवर तो विसावा हिस्सा होतो आणि चेहरा लोक समोरासमोर बघतात तसा दिसतो. आपला चेहरा व्हिडिओत वाईट दिसतो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांतल्या अनेकांचा फोन केवळ फार जवळ असतो. दूर गेल्यावर चौकटीत फार रिकामी जागा उरत असेल तर फोनमधली दुसरी, अधिक जवळ आणणारी लेन्स वापरावी. तीही नसेल तर 4के मध्ये रेकॉर्ड करून नंतर कापावे. 3840 बाय 2160 च्या चित्रात 1920 बाय 1080 च्या चौपट पिक्सेल असतात, त्यामुळे निम्म्या रुंदीचा आणि निम्म्या उंचीचा मधला भाग घेतला तरी पूर्ण एचडी चित्र हातात राहते. याचा आणखी एक लाभ होतो: चूक कापून टाकलेल्या जागी दूरच्या चौकटीतून जवळच्या चौकटीत गेले की सांधा जाणवत नाही.

मागचा कॅमेरा वापरला की स्वतःला बघता येत नाही, ही अडचण खरी आहे. मी खुर्चीवर माझ्या उंचीइतक्या उशा रचते, त्यांवर माझीच ओढणी टाकते, पडद्यावर त्या जागी बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) कुलूपबंद करते, मग उशा काढून स्वतः बसते आणि दहा सेकंदांची चाचणी घेऊन चेहरा नीट उजळला आहे ना, हे पाहते. कुलूप लावले नाही तर हात हलला किंवा ढग सरकला की कॅमेरा चित्र उजळ-मंद करत राहतो. लेन्स डोळ्यांच्या रेषेत असावी आणि नजर तिच्यावर असावी. सवय होईपर्यंत लेन्सशेजारी कागदाचा छोटा बाण चिकटवल्यास डोळे भरकटत नाहीत. पाठ आणि भिंत यांत किमान एक मीटर ठेवावे, म्हणजे आपली सावली भिंतीवर पडत नाही. बारीक रेघांचे कपडे टाळावेत, त्या पडद्यावर थरथरतात.

बसण्यापूर्वी लेन्स मऊ कापडाने पुसावी, कारण बोटांचा तेलकट थर हेच अनेकदा धूसर चित्राचे कारण असते. फोन विमान मोडवर टाकावा आणि जागा शिल्लक आहे का ते पाहावे. आयफोनवर नव्या, अधिक आटोपशीर स्वरूपात 1080पी ला (पूर्ण एचडी) मिनिटाला साधारण 60 एमबी आणि 4के ला, सेकंदाला 30 चित्रांनी, सुमारे 170 एमबी लागतात. बोलताना अडखळलात तर रेकॉर्डिंग थांबवू नका; दोन सेकंद गप्प राहून ते वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणा. अर्ध्यातून जोडलेल्या वाक्याचा सूर जुळत नाही. शेवटी अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, कारण कापलेल्या जागी पूर्ण निःशब्दता घातली तर ती कानाला खड्ड्यासारखी लागते, आणि त्या खड्ड्यात भरायला याच खोलीची, याच दिवसाची शांतता लागते.

हे सगळे जमवूनही काही कमी वाटले, तर खर्च आधी माइकवर करावा, मग मोठ्या मऊ दिव्यावर. कॅमेऱ्याची पाळी त्यानंतर. माझा तो घाईने घेतलेला कॅमेरा सध्या फळ्यावरची आकडेमोड वरून टिपण्यापुरता वापरात आहे, चेहरा मी फोननेच रेकॉर्ड करते.