उशाशी ठेवलेला डबा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. दुसरं मूल दत्तक घ्यायचं म्हणतेस, ते तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तुझ्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं मी त्याच दिवशी लिहू शकले असते, एकापाशी अडले. "काकू, पोटच्या मुलीवर आहे तेवढी माया त्या बाळावर बसलीच नाही तर?" हे वाक्य रात्री अडीचला लिहिलं, असं तूच म्हटलं आहेस. मलाही हा प्रश्न रात्रीच पडायचा. म्हणून आधी तोच घेते.

माझी धाकटी दत्तक म्हणून घरी आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती, थोरला आठ वर्षांचा. थोरला जन्मला तेव्हा त्याला माझ्याजवळ आणून ठेवलं आणि बघता बघता डोळे भरून आले. काही करावं लागलं नाही. हिच्या वेळीही असंच होईल, असं मी धरून चालले होते. संस्थेच्या दारात तिला कडेवर घेतलं तेव्हा तिने मान वळवून मागे पाहिलं, आणि घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या रात्री ती झोपल्यावर मी तिच्याजवळ बसून राहिले. काळजी वाटत होती, कीव येत होती, भीतीही वाटत होती. माया येत नव्हती. देवापुढे जाऊन मी हे मोठ्याने कबूल केलं, कारण घरात दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती.

पुढचे कित्येक आठवडे तसेच गेले. संध्याकाळी हरिपाठ म्हणायचे, पण तोंड म्हणायचं आणि मन कोरडं असायचं. शेवटी आमच्या भजनी मंडळातल्या एका आजींपाशी बोलले. त्यांनी तेवीस वाऱ्या पायी केलेल्या. त्या काही समजुतीचं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आळंदीहून निघालीस की पहिल्या दिवशी पंढरपूर दिसतं का गं? दिवेघाटात तर पोटऱ्याच भरून येतात. तरी सकाळी उठून चालतोच ना आपण?" एवढं बोलून त्या टाळ पुसायला लागल्या.

मी त्यानंतर माया येते की नाही हे बघणं सोडलं. रोजचं करत राहिले. तेल लावायचं, वेणी घालायची, उवा काढायच्या, भात कालवायचा, रात्री पाठीवरून हात फिरवायचा. श्रद्धा या शब्दाचा मला जो काही अर्थ कळला, तो त्या दिवसांतच कळला.

आता पोळीचं सांगते. पहिल्याच आठवड्यात चादर झटकताना तिच्या उशीखाली अर्धी पोळी सापडली. वाळून कडक झालेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. संस्थेत राहिलेली बरीच मुलं अशी खाणं लपवतात. जे समोर आहे ते उद्या असेलच याची खात्री त्यांना कुणी दिलेली नसते. आमच्याकडे येणाऱ्या समाजसेविका ताईंनी सांगितलं, रागावू नका, आणि लपवायची गरजच पडणार नाही असं करा. मग मी एका छोट्या डब्यात पोळी आणि गुळाचा खडा घालून तो रोज रात्री तिच्या उशाशी ठेवू लागले. तिच्यादेखत. "हा तुझा. रात्री कधीही खा." ती खायची. कधी दोनला, कधी चारला. अंधारात झाकणाचा आवाज यायचा. सात महिने मी तो डबा भरला. मग एका सकाळी डबा जसाच्या तसा होता. मला वाटलं बरं नसेल, कपाळाला हात लावून पाहिला. तिसऱ्या दिवशीही तसाच. चौथ्या दिवशी तिने तो उचलून दादाला दिला आणि म्हणाली, "तू खा, मला नको असतो." मी देवघरात गेले आणि तिथे नुसतीच बसले. माया कधी आली असं विचारशील तर मला तारीख सांगता येणार नाही. पण त्या सकाळी ती आलेली होती.

आणि "आई" हा शब्द. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायका "ताई", म्हणून मीही तिची ताईच होते. मी दुरुस्त केलं नाही. तूही करू नकोस. एके दिवशी मी मेथी निवडत होते, अंगणात दोघांचं सायकलवरून भांडण चाललेलं. एकदम तिचा आवाज आला, "थांब, आईला नाव सांगते तुझं!" पहिली हाक अशी आली, मला नाहीच, दादाला धमकी म्हणून. मेथीची जुडी तशीच हातात राहिली.

दादाचंही थोडं लिहायला हवं, कारण तुझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. पहिल्या महिन्यात त्याने मला विचारलं होतं, "हिला परत कधी न्यायचं?" मी दुखावले आणि त्याला नको ते बोलले. ती माझी चूक. मोठ्या भावंडाला प्रश्न विचारायला जागा ठेव, आणि दिवसातला एक वेळ फक्त तिचा ठेव, अगदी पंधरा मिनिटांचा असला तरी चालेल. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी त्याच्या हातात ओवाळणीचं पाकीट दिलं होतं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि ताटात स्वतःच्या गोट्या टाकल्या, त्याही निळ्या. त्या निळ्या गोट्यांना तो कुणाला हात लावू देत नसे.

तुझा दुसरा प्रश्न सासूबाईंचा. "आपलं रक्त नाही, गोत्र नाही," असं त्या म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना ठाऊक असलेलं दत्तक वेगळं आहे. आपल्याकडे शतकानुशतकं दत्तक म्हणजे गादीला वारस. कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याचा सयाजीराव झाला, कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ साली कोल्हापूरचा शाहू झाला. मुलगा हवा, घराण्याजवळचा हवा, वंश चालावा म्हणून हवा. पण त्याच काळात पुण्यात दुसरंही काही घडत होतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं केली, आणि १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा आपला म्हणून घेतला. तिथे गादी नव्हती, जात जुळत नव्हती. त्याचंही नाव यशवंतच. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन या यशवंताच्या दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. सासूबाईंना हे एखाद्या निवांत दुपारी सांग. वादात सांगू नकोस.

माझं माहेर पंढरपूरजवळचं. तिथे प्रार्थना समाजाच्या लोकांनी १८७५ साली सुरू केलेला बालकाश्रम आहे. लहानपणी आजीबरोबर एकादशीला जाताना त्याचं नाव कानावर पडायचं. लोक "टाकलेली मुलं" म्हणायचे. आजीला तो शब्द खपत नसे. ती म्हणायची, "पांडुरंगाच्या दारात कुणी टाकत नाही, हवाली करतं." लेकुरवाळ्या विठोबाचं चित्र आमच्या माजघरात होतं, कुणी खांद्यावर, कुणी कडेवर, कुणी बोट धरलेलं. त्यातलं त्याच्या पोटचं कोण, असा प्रश्न त्या घरात कधी कुणाला पडला नाही. माझी श्रद्धा तिथून आलेली आहे, आणि ती मला ऐन वेळी पुरली.

रक्ताबद्दल एवढंच सांगते. थोरला चालतो हुबेहूब त्याच्या आजोबांसारखा. आणि धाकटी भाजी ढवळून झाली की पळी कढईच्या काठावर दोनदा आपटते. मी तशीच आपटते. मला ती सवय माझ्या त्या पंढरपूरच्या आजीकडून आली. परवा शेजारच्या वहिनी तिला बघून म्हणाल्या, "अगदी आईवर गेलीये." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. असले सुखाचे क्षण मोजून ठेवावेत इतके लहान असतात.

तिसरा प्रश्न कागदपत्रांचा. तो सोपा आहे, वेळखाऊ मात्र आहे. तुझ्या सासऱ्यांनी सांगितलं की मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. ते १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याबद्दल बरोबर आहे. तुम्ही जाणार तो रस्ता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा, तिथे ही आडकाठी नाही. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे सगळे ज्याला 'कारा' म्हणतात त्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं. मग समाजसेवक घरी येऊन गृहभेटीचा अहवाल करतात, तो तीन वर्षं ग्राह्य धरतात. दोघांच्या वयांची बेरीज बघतात: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ८५ पर्यंत, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० पर्यंत. तान्ह्या बाळासाठी तीन वर्षं, कधी जास्तही थांबावं लागतं. थोड्या मोठ्या मुलाचा विचार कर, असं मी तुला मनापासून सांगेन. माझी साडेतीन वर्षांची आली म्हणून माझं काही हुकलं नाही. बाळाची माहिती समोर आली की ४८ तासांत होकार कळवावा लागतो, तेव्हा बोलणी आधीच करून ठेवा. आमच्या वेळी आदेश न्यायालयातून मिळायचा, सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, कुणीतरी भेटायला येईल. ती भेट तपासणी म्हणून घेऊ नकोस. मला डब्याचा उपाय अशाच भेटीत मिळाला.

बाळ आणायला जाशील तेव्हा संस्थेत एक काम कर. जे मिळेल ते मागून घे: फोटो, सांभाळणाऱ्या ताईंचं नाव, तिला झोपवताना काय म्हणतात, भातावर काय लागतं. अंगावरचं झबलं किंवा पांघरूण मिळालं तर आण, आणि लगेच धुऊ नकोस. तो वास तिच्या ओळखीचा असतो. मी पहिल्याच दिवशी धुतलं. पुढे शाळेत लहानपणीचा फोटो आणायला सांगितलं तेव्हा आमच्याकडे तीन वर्षांच्या आधीचा एकही नव्हता. त्या रात्री ती खूप रडली, आणि मी तिच्याबरोबर रडण्याखेरीज काही करू शकले नाही.

दत्तक हा शब्द घरात पहिल्या दिवसापासून वावरू दे, मीठ-भाकरीसारखा. आम्ही ती आली त्या दिवशी दरवर्षी शेवयांची खीर करतो. एकदा हळदीकुंकवाला एक बाई तिच्यासमोरच मला म्हणाल्या, "केवढं पुण्याचं काम केलंत!" घरी आल्यावर तिने विचारलं, "पुण्य म्हणजे मी का?" तेव्हापासून कुणी असं म्हटलं की मी तिथल्या तिथे सांगते, मला मुलगी हवी होती, म्हणून आणली. पुण्यासाठी मूल आणायचं नसतं गं. ते ओझं त्या लेकराने जन्मभर का वाहायचं?

आणखी एक, कुणाला फारसं न सांगितलेलं. जी आई आपलं बाळ संस्थेच्या स्वाधीन करते, तिला फेरविचारासाठी कायद्याने ६० दिवस दिलेले असतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मनात ते दिवस एकेक करून मोजले गेले. माझ्या मुलीची हकीकत काय, ते मी लिहिणार नाही, ती तिची आहे. पण रोज दिवेलागणीला मी देवापाशी एक वात त्या अनोळखी बाईसाठी लावते. धाकटी लहान असताना विचारायची, ही कुणाची? मी खरं सांगायचे. आता मी गावाला गेले की ती वात तीच लावते.

हे पत्र पाठवण्याआधी तिला वाचायला दिलं. ती आता एकोणीस वर्षांची आहे, आणि तिच्याबद्दलचं काय बाहेर जावं हे तिने ठरवायचं. तिने दोन ओळी खोडायला लावल्या, त्या मी काढल्या. आणि एक दुरुस्ती सुचवली. म्हणाली, "आई, डब्यात गूळ नसायचा, साखर असायची. गुळाचा तू नंतर सुरू केलास." मला गूळच आठवतो. पण डबा तिचा होता, तेव्हा तू साखर समज.

तुझी,
काकू