७५ त्याचे, माझे ५०

गतिमंद प्रौढांसाठी सोप्या भाषेत माहितीपत्रक करायचंय, फॉन्ट कुठला आणि चित्रं कशी, असं तुम्ही विचारलंय. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, एका वाक्यात एकच गोष्ट. फसतं ते पुढे.

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. तो ज्या कार्यशाळेत पाकिटं चिकटवतो, तिथे आम्ही घरच्या मंडळींनी एसटीच्या सवलतीचं पत्रक केलं. टपोरी अक्षरं, लाल बसचं चित्र, खाली ‘७५ टक्के सवलत’. छापायला देण्याच्या आदल्या रात्री सहज त्याच्या हातात दिलं. वाचून त्याने परत केलं. "हे माझं नाही. ७५ त्याचे. माझे ५०."

मला कळायलाच वेळ लागला. त्याच्या सर्टिफिकेटवर अपंगत्व ५० टक्के आहे, शेजारी बसणाऱ्या मित्राच्या ७५. टक्के म्हणजे आपला आकडा, हेच तो लहानपणापासून ऐकतोय. म्हणजे सवलत मित्राला, याला नाही!

मग कार्यशाळेतल्या चौघांना घेऊन तीन दुपारी बसलो. ‘१०० रुपयांचं तिकीट. तू २५ रुपये दे’ असं लिहिलं, खाली नोटांचा फोटो. सवलतीच्या कार्डाच्या चित्रावर लाल फुली मारून ‘कार्डाशिवाय जाऊ नका’ दाखवलं होतं, तर दोघं म्हणाले, कार्ड चालत नाही, घरीच ठेवायचं. फुली काढली. ‘प्रमाणपत्र’ कुणालाच वाचता येईना, ‘सर्टिफिकेट’ सगळ्यांना तोंडपाठ. यावर तिथल्या मॅडम अडून बसल्या, शुद्ध मराठीच हवं म्हणून. वर, "त्यांना काय विचारायचं? त्यांना विचारलं की सगळ्याला हो म्हणतात."

म्हणतातच. "कळलं का?" विचारलं की कोणीही हो म्हणेल, मीसुद्धा बँकेत म्हणते. "कंडक्टर आला, आता काय करशील?" असं विचारा.

अर्थात आमचे चौघं थोडंफार वाचणारे, बोलणारे होते. जे बोलत नाहीत त्यांच्यासोबत कसं करायचं, ते त्यांच्या रोजच्या माणसांना विचारा.

आणि बजेटमध्ये त्यांचे पैसे आधी धरा. आमच्याकडे चित्रं काढणाऱ्याला मानधन मिळालं, चुका शोधणाऱ्या चौघांना वडापाव आणि टाळ्या. भाऊ अजून विचारतो, "माझं पाकीट?" मॅडम, वाचत असाल तर उत्तर तुम्हीच द्या.