देशाने पायाभूत सुविधांवर आणखी खर्च करावा का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: रस्ते, पूल, रेल्वे आणि पाणीपुरवठा यांवर देशाने आताहून अधिक पैसा घालावा का, आणि त्यासाठी कर्ज काढणे शहाणपणाचे आहे का. दोन्हींना माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र वाढीव पैशातला पहिला वाटा नव्या कामांना न जाता आधी उभ्या असलेल्या कामांच्या निगेला जावा, अशी माझी अट आहे, आणि ती माझ्या मनात पक्की झाली गोव्यात, पणजीसमोर मांडवी नदीच्या पैलतीरावरच्या बेतीच्या फेरीधक्क्यावर.

मी बेतीजवळच्या पर्वरीचा. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी पणजीत महाविद्यालयात शिकत होतो. पूल १९७० साली खुला झाला होता, म्हणजे त्याचे वय जेमतेम सोळा वर्षांचे होते. खाऱ्या हवेत त्याच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, हे पुढे सर्वांना कळले. तोवर घरून पणजीला पोचायला बसने फार वेळ लागत नसे. त्यानंतर आम्ही फेरीबोटीच्या रांगेत उभे राहू लागलो. धक्क्याचा उतार पावसाने इतका निसरडा होई, की पुढच्याने स्कूटर उतरवताना मागच्या अनोळखी माणसाने तिचा कॅरिअर धरून ठेवायचा, असा न सांगता पडलेला शिरस्ताच होता. म्हापशाहून भाजीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका बोट चुकली की डोक्यावरचे ओझे न उतरवता पुढच्या बोटीची वाट पाहत. नवा पूल १९९२ साली सुरू झाला. मधल्या वर्षांत हजारो माणसांचे जे तास त्या धक्क्यावर गेले, ते कोणत्याही अर्थसंकल्पात खर्च म्हणून दाखवलेले नाहीत. पण तो खर्च झाला, आणि आम्ही तो भरला.

पुढे माझी सारी नोकरी हिशेबाच्या कामात गेली, त्यामुळे या गोष्टीची दुसरी बाजूही दिसली. आपल्याकडे नवा पूल बांधणे हा भांडवली खर्च आणि बांधलेल्या पुलाची डागडुजी हा महसुली खर्च मानला जातो. हिशेबाच्या दृष्टीने हा भेद रास्तच आहे. परंतु व्यवहारात भांडवली खर्च म्हणजे विकास आणि महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी असा समज रुजला आहे. वित्तीय शिस्तीसाठी २००३ साली झालेल्या केंद्रीय कायद्याचा रोखही मुळात महसुली तूट, म्हणजे महसुली उत्पन्नाहून जास्त होणारा महसुली खर्च, नाहीशी करण्यावर होता. २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीची बिनव्याजी कर्जे देते, तीही भांडवली कामांसाठीच. अशा स्थितीत एखाद्या राज्याच्या वित्त सचिवाने जुना पूल रंगवण्याऐवजी नवा बांधायचे ठरवले, तर त्याला दोष कसा द्यावा? शिवाय डागडुजीला कोनशिला नसते.

पैसा वाढलेला नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मध्ये सुमारे ३.३६ लाख कोटी रुपये होता. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ११.११ लाख कोटींची, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ३.४ टक्क्यांची तरतूद होती. तरीही मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातला गेला आणि ते किती वर्षे रखडले, हे गणपतीला गावी जाणाऱ्या कोणालाही विचारावे. तिथे अडले ते भूसंपादन आणि ठेकेदारी. निधीचा प्रश्न त्यामानाने दुय्यम होता. याच महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. त्यानंतर वर्षाच्या आत तिथे नवा पूल उभा राहिला. माणसे गेल्यावर जी तत्परता सापडते, ती आधी कुठे असते, हा माझा जुना राग आहे. हे केवळ आपल्याच देशात घडते असेही नाही. इटलीत जेनोव्हाचा १९६७ सालचा पूल २०१८ मध्ये कोसळून ४३ जण दगावले, आणि तो देश काही गरीब नव्हे.

कर्जाबद्दल थोडक्यात सांगतो. ज्या कामाचा उपयोग पुढच्या पिढीलाही होणार आहे, त्याचा भार तिच्यावरही काही अंशी पडणे मला अन्यायाचे वाटत नाही. कोकण रेल्वे बरीचशी रोखे विकून उभ्या केलेल्या पैशातून झाली, तिच्यावर कर्जाचा मोठा बोजा राहिला, आणि गोव्यात तिच्या मार्गावरून कडाक्याचा वादही झाला. तरी १९९८ साली ती पूर्ण सुरू झाल्यानंतर ती नसती तर बरे झाले असते, असे म्हणणारा मला मडगाव स्थानकावर अजून भेटलेला नाही. उलट श्रीलंकेला हंबनटोटाचे बंदर २०१७ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावे लागले, कारण बंदर आले तरी त्यामागून पुरेशी जहाजे आली नाहीत. तेव्हा कर्ज किती यापेक्षा ते कशासाठी, हे आधी पाहावे.

निगेची व्यवस्था आपल्याला परकी नाही. माझे आजोळ दिवाडीला. तिथल्या खाजन शेतीत नदीचे खारे पाणी बांधाने अडवलेले असते आणि बांधात मानस नावाचे लाकडी दार असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने आपसूक मिटते. हे सारे मातीचे आणि लाकडाचे काम शतकानुशतके टिकले, कारण बांध दरवर्षी बघायचा आणि चिखल लावून बुजवायचा, ही गावकरीची, म्हणजे गावच्या जुन्या सामुदायिक संस्थेची, नेमून दिलेली जबाबदारी होती व त्यासाठी उत्पन्नाचा भाग आधीच बाजूला काढला जाई. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना न्याय मिळाला, पण बांधाचा धनी कोण हे धूसर झाले. माझ्या मामांच्या शेताजवळचा बांध फुटला तेव्हा कुळांचा संघ आणि सरकारी कचेरी यांच्यात अर्ज फिरत राहिले, तोवर शेतात खारफुटी उगवली.

आजच्या काळात याच्या जवळ जाणारी एक सोय प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आहे: रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराकडेच पाच वर्षांची देखभाल करारानेच सोपवलेली असते. ही अट सर्व मोठ्या कामांना लावावी, मुदत वाढवावी, आणि देखभालीची रक्कम मंजुरीच्या कागदावरच लिहिली जावी, असे मला वाटते. आपल्या राज्यात काय चालले आहे हे पाहायचे असेल, तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकात रस्ते व पूल यांची दोन लेखाशीर्षे शोधा: ५०५४ मध्ये नवी बांधकामे असतात आणि ३०५४ मध्ये देखभाल. दोन्हींचे दहा वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. एका दुपारचे काम आहे.