वाचकांचे प्रश्न : वर्डमधील छायाचित्रे नीट का दिसत नाहीत?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांची तक्रार एकाच प्रकारची आहे. मजकूर संगणकावर व्यवस्थित तयार झाला, परंतु त्यातील छायाचित्रांनी ऐनवेळी घोळ घातला. तिघांनीही मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरले असल्याने ही उत्तरे त्याच अनुषंगाने दिली आहेत.

प्रश्न : शाळेच्या परसबागेचा सचित्र अहवाल मी मराठीत टंकित केला आहे. प्रत्येक छायाचित्राची केवळ खालची अरुंद पट्टी दिसते आणि उरलेला भाग वरच्या ओळीमागे दडल्यासारखा वाटतो. छायाचित्र काढून पुन्हा घातले तरी तेच होते. शाळेतील दुसऱ्या संगणकावर तर त्याच्या जागी नुसती रिकामी चौकट येते. फाइल बिघडली आहे का?
– एक शिक्षिका, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : फाइल बिघडलेली नाही, त्यामुळे अहवाल पुन्हा टंकित करण्याची मुळीच गरज नाही. आपण लिहिलेली दोन्ही लक्षणे वेगवेगळ्या कारणांची आहेत.

पट्टी दिसण्याचे कारण ओळींमधील अंतरात आहे. मराठी मजकुरात वेलांट्या, मात्रा आणि उकार यांच्यासाठी ओळीच्या वर व खाली जागा लागते. मंगलसारख्या टंकात ही जागा बरीच जास्त सुटते, म्हणून पानांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी अनेक जण ‘लाइन स्पेसिंग’मध्ये ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय निवडून 16 किंवा 18 पॉइंट असा आकडा देतात. मजकुरापुरते हे ठीक आहे. मात्र मजकुराच्या ओळीतच बसवलेले छायाचित्र वर्डच्या लेखी एका मोठ्या अक्षरासारखे असते आणि ओळीची उंची 18 पॉइंट, म्हणजे एक इंचाचा चौथा भाग, अशी बांधून दिली की तेवढ्याच उंचीचा भाग दाखवला जातो. छायाचित्र ओळीच्या तळाला टेकलेले असल्यामुळे त्याची खालची पट्टी दिसते. ते पुन्हा घातले तरी ओळ तीच राहते, म्हणून आपल्या प्रयत्नाने फरक पडला नाही.

छायाचित्रावर टिचकी मारून ते निवडावे, ‘होम’ टॅबमधील ‘पॅराग्राफ’ची खिडकी उघडावी आणि ‘एक्झॅक्टली’ऐवजी ‘सिंगल’ निवडावे. छायाचित्र त्याच क्षणी पूर्ण दिसेल. हा बदल फक्त छायाचित्र असलेल्या परिच्छेदापुरता करावा, म्हणजे बाकी मजकुराची मांडणी हलणार नाही. छायाचित्राचे ‘रॅप टेक्स्ट’ बदलून ते ओळीबाहेर काढल्यासही ते पूर्ण दिसते आणि पुष्कळ जण तसा सल्लाही देतात, पण अशा अहवालासाठी मला तो पटत नाही. ओळीबाहेरचे छायाचित्र मजकूर वाढला की सरकते आणि वांग्याच्या वाफ्याचे छायाचित्र पालकाच्या माहितीशेजारी जाऊन बसते.

दुसऱ्या संगणकावरील रिकामी चौकट ही त्या संगणकाची मांडणी आहे, आपल्या फाइलचा दोष नाही. तेथे ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या क्रमाने जाऊन ‘शो डॉक्युमेंट कंटेंट’ या भागातील ‘शो पिक्चर प्लेसहोल्डर्स’समोरची खूण काढावी. जुने संगणक मोठ्या फाइलवर मंदावतात, म्हणून कोणीतरी ती कधीकाळी लावलेली असते आणि नंतर विसरून जाते.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. एका ग्रामसभेचे कार्यकर्ते सामूहिक वनहक्काच्या व्यवस्थापन आराखड्याची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन छापायला आले. बांबू, मोह आणि तेंदूच्या छायाचित्रांच्या जागी लाल फुली व इंग्रजीत सूचना आली. त्यांच्या संगणकावर सर्व छायाचित्रे दिसतात असे ते सांगतात. ते लांबून आले होते आणि त्यांना तसेच परत जावे लागले.
– सेवा केंद्र चालक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : ही अडचण तिन्हींमध्ये सर्वांत गंभीर आहे, कारण येथे छायाचित्रे फाइलमध्ये आलेलीच नाहीत. त्या सूचनेचा अर्थ असा की जोडलेले छायाचित्र दाखवता येत नाही, कारण मूळ फाइल हलवली, पुसली किंवा तिचे नाव बदलले असावे. वर्डमध्ये छायाचित्र घालताना ‘इन्सर्ट’ बटणाच्या बाणाखाली ‘लिंक टू फाइल’ असाही पर्याय असतो. तो निवडला तर छायाचित्राऐवजी त्याचा पत्ता तेवढा नोंदवला जातो. घरच्या संगणकावर त्या पत्त्यावर छायाचित्र असते, म्हणून ते दिसते. पेन ड्राइव्हवर पत्ता येतो, छायाचित्र मागेच राहते. संकेतस्थळावरून चिकटवलेल्या छायाचित्रांचेही कधीकधी असेच होते.

आपल्या केंद्रात बसून हे दुरुस्त होणार नाही आणि तसे ग्राहकाला स्पष्ट सांगणे योग्य ठरेल. ज्या संगणकावर छायाचित्रे दिसतात तेथेच फाइल उघडून ‘फाइल’, ‘इन्फो’ येथे जावे आणि उजवीकडे खाली असलेला ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ हा दुवा उघडावा. यादीतील प्रत्येक छायाचित्र निवडून ‘सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट’वर खूण करावी आणि फाइल जतन करावी.

यापुढे कोणाचीही फेरी वाया जाऊ नये, यासाठी घरून निघण्यापूर्वी फाइलचा आकार पाहण्याची सवय लोकांना लावावी, असे मला मनापासून वाटते. मोबाइलने काढलेले एक छायाचित्र सहज दोन-तीन एमबीचे असते. दहा-बारा छायाचित्रांचा आराखडा जेमतेम पन्नास-साठ केबीचा दिसत असेल, तर छायाचित्रे आत नाहीत हे निश्चित समजावे. अधिक खात्री हवी असल्यास फाइलची एक प्रत करून तिच्या नावाच्या शेवटचे ‘डॉक्स’ हे विस्तारनाम बदलून ‘झिप’ करावे. 2007 च्या आवृत्तीपासून वर्डची फाइल ही आतून झिपच असते. ती उघडून ‘वर्ड’ फोल्डरमधील ‘मीडिया’ फोल्डर पाहावे. फाइलमध्ये खरोखर असलेली छायाचित्रे तेथे सापडतात. एखादी फाइल वर्डमध्ये उघडेनाशी झाली तरी पुष्कळदा याच वाटेने छायाचित्रे परत मिळवता येतात.

प्रश्न : आमच्या भागातील मामा (माजी मालगुजारी) तलावांवर आम्ही काही तरुण पुस्तिका करत आहोत. पडद्यावर बरी दिसणारी छायाचित्रे छापल्यावर धूसर येतात. वर्डमध्येच रेघा व बाणांनी काढलेले पाटांचे नकाशे तर छापलेच जात नाहीत.
– एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : नकाशांचे काम सोपे आहे. ‘ऑप्शन्स’मधील ‘डिस्प्ले’ या भागात ‘प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड’समोर खूण करावी.

धूसरपणा दोन ठिकाणी येऊ शकतो. छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने मागवली असतील तर ती तेथेच लहान झाली आहेत. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवावीत. त्यानंतर वर्डही फाइल जतन करताना छायाचित्रे आक्रसते आणि ही मर्यादा सामान्यतः इंचाला 220 बिंदू अशी असते. तीन इंच रुंद ठेवलेले छायाचित्र अशा रीतीने 660 बिंदूंचे उरते. पुढे ते पानभर मोठे केले की तेच बिंदू ताणले जातात. म्हणून नवीन फाइल उघडल्यावर, छायाचित्रे घालण्यापूर्वीच, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधील ‘इमेज साइज अँड क्वालिटी’ येथे ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर खूण करावी. एकदा आक्रसलेले छायाचित्र या खुणेने पूर्ववत होत नाही, ते मूळ प्रतीवरूनच पुन्हा घालावे लागते. मूळ छायाचित्रे तलावांच्या नावांनी वेगळ्या फोल्डरमध्ये आताच जपून ठेवावीत, कारण छापखाना बहुधा ती स्वतंत्रपणे मागेल.