कामठीचा तांबूस दगड: नदीचा की वाळवंटाचा?

प्रश्न : कामठीजवळचा तांबूस वालुकाश्म खलात कुटून चाळला. बारीक भुकटी फार निघाली, कणही टोकदार दिसले. मग हा नदीचा की वाळवंटाचा?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : ती भुकटी बत्त्याने केली आहे! कुटताना कण फुटतात, ताज्या कडा टोकदार दिसतात आणि कणांच्या आकारमानाचा आलेख बारीक कणांकडे झुकतो. नदीच्या वाळूची खूण नेमकी तीच, त्यामुळे फसगत हमखास. नखाएवढे तुकडे पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. फसफसले तर कणांना जोडणारा बंध चुन्याचा. तांबूस दगडात तो बहुधा लोहाचा असतो. कोमट ऑक्झॅलिक आम्लात सावकाश सुटतो. हातमोजे घालाच. धुऊन वाळवलेली 100 ग्रॅम वाळू अर्ध्या फायच्या (फाय म्हणजे कणांचा आकार मोजण्याची श्रेणी) चाळण्यांतून 15 मिनिटे हलवा. बंध सिलिकाचा निघाला तर चाळणीचा नाद सोडा, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली 300 कण मोजा.

रंगावरून वाळवंट मात्र ठरवू नका, लोह बरेचदा वाळू साचल्यानंतर भूजलातून येते. रासायनिक विश्लेषण मूळ खडक आणि झीज सांगते. नदी की किनारा, हे क्वचितच. त्यासाठी उघडा कडा गाठा: तिरपे थर, तळाशी गोटे, वर बारीक होत जाणारे कण, असा क्रम दिसला तर नदी. कामठीचे खडक नदीचे मानतात. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसेही सापडतात.